मासेलेंच्या ओसरीवरचे गुरुवार

गुरुवार, ५ ऑगस्ट २०२१

वहीच्या पहिल्या पानावर लिहिणाऱ्याची ओळख असावी, अशी माझी पद्धत आहे. एल्फस मचुनू, वय छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, डर्बनमधील एका विषाणू-प्रयोगशाळेत नमुना नोंदणी विभागाचा प्रमुख. सेवेची एकोणीस वर्षे पूर्ण. या काळात एकाही नळीला चुकीचे लेबल लागलेले नाही. विधुर. ही वही केवळ कामासाठी असून ती कुलुपात राहील.

वाहनचालक बोंगुमुसा करोनाने आजारी असल्यामुळे उमलाझी उपनगरातून नमुने आणण्याची गुरुवारची फेरी आजपासून मला करावी लागत आहे. रुग्ण क्रमांक सत्तावीस: महिला, वय एक्कावन्न. सामान्य माणसाचे शरीर हा विषाणू पंधरा दिवसांत बाहेर काढते. या बाईंच्या शरीरात तो जानेवारीपासून मुक्कामाला आहे. त्यांना अनेक वर्षे एचआयव्ही आहे. टाळेबंदीत दवाखान्याच्या रांगेत चर्चमधल्या बायका पाहतील म्हणून त्यांनी गोळ्या आणणे सोडले, आणि शरीराचे पहारेकरी पेंगू लागले. पूर्ण झोपले असते तर विषाणू आहे तसाच राहिला असता. जागे असते तर त्याला हाकलले असते. अर्धवट पेंगल्यामुळे तो राहिला आणि बदलत गेला. दर आठवड्याला त्यांचा स्वॅब आणून आमची मंडळी तो कोठे कोठे बदलला हे वाचतात. जानेवारीपासून आजवर एकवीस बदल झाले आहेत. या आठवड्यापासून त्यांना नव्या, अधिक बळकट गोळ्या सुरू झाल्या आहेत.

प्रयोगशाळा ते रुग्णाचे घर: एकतीस मिनिटे. शीतपेटीचे तापमान: चार अंश. रुग्ण ओसरीवर, मी पायरीपाशी, अंतर दोन मीटर. त्यांनी स्वॅबकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, सात महिने माणसं येतात, मला नाकात काडी घालायला लावतात आणि स्वतः छपराकडे बघत उभी राहतात. तुम्हीही घाला, मग मी घालते.

आम्हा कर्मचाऱ्यांची साप्ताहिक तपासणी तशीही करावीच लागते, त्यामुळे नियमाला बाधा नव्हती. दोघांनी एकाच वेळी स्वॅब घेतला. दहापर्यंत मोजताना सहाव्या अंकावर माझ्या डोळ्यांतून पाणी आले. त्याही रडत होत्या आणि हसतही होत्या. एवढीच नोंद.

गुरुवार, १२ ऑगस्ट

रुग्णाचे नाव श्रीमती थोकोझानी सेले-न्टुली. विधवा. लग्नकार्यात तीन पायांच्या लोखंडी भांड्यांत शंभर-दीडशे माणसांचा स्वयंपाक करणे हा व्यवसाय. भांडी सात महिने अंगणात पालथी पडली आहेत. सर्वजण त्यांना माहेरच्या कुळावरून मासेले म्हणतात. नोंदीत एकरूपता राहावी म्हणून यापुढे मीही तसेच लिहीन.

नव्या गोळ्यांपैकी दोन दिवसांच्या राहिल्या, असे त्यांनी सहज सांगितले. अशाने विषाणूला उसंत मिळते. मी रोज सायंकाळी सात वाजता फोन करण्याची व्यवस्था लावली आहे.

आजचा फोन: एक मिनिट.

शुक्रवार, १३ ऑगस्ट

फोन: चार मिनिटे. गोळी घेतली. उरलेली तीन मिनिटे माकडांविषयी.

गुरुवार, १९ ऑगस्ट

तो माकडांचा विषय येथे सविस्तर नोंदवतो, कारण तो कामाचाच निघाला.

मासेलेंच्या अंगणात पपईचे झाड असून त्यावर माकडांची टोळी येते. पहिल्या महिन्यात त्यांनी जुना कोट काठीवर टांगला. माकडे आठवडाभर लांब राहिली, नंतर त्याच कोटाच्या खांद्यावर बसून पपई खाऊ लागली. मग त्यांनी रबरी साप ठेवला. माकडांनी तो शेजाऱ्यांच्या छपरावर नेऊन टाकला. मग डबा वाजवला. आता डबा वाजला की माकडे येतात, कारण डबा वाजतो म्हणजे पपई पिकली, हे त्यांना कळले आहे. त्या म्हणाल्या, "मीच शिकवलं त्यांना. एकेक धडा, आठवड्याला एक, चांगलं समजेपर्यंत. सगळं एकाच दिवशी केलं असतं, साप, कोट, डबा आणि शेजाऱ्याचा कुत्रा, तर शिकायला उरलं असतं कोण?"

हे मी दुपारी जेवताना प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. मूडली यांना सांगितले. त्यांनी चमचा खाली ठेवला. त्या म्हणाल्या, गेले वर्षभर मी हे समजावण्यासाठी बेचाळीस पानांचे सादरीकरण घेऊन फिरते आहे आणि त्यात एकही माकड नाही.

बोंगुमुसा कामावर परतला आहे. उमलाझीची फेरी मीच चालू ठेवावी असे मी ठरवले. नोंदींत सातत्य राहते. तो माझ्या नव्या टायकडे आवश्यकतेपेक्षा जास्त वेळ पाहत राहिला.

शुक्रवार, २७ ऑगस्ट

आज लशीची दुसरी मात्रा घेतली. दंड किंचित दुखतो. बोंगुमुसाने लस घेतलेली नाही. त्याचे म्हणणे असे की, विषाणू हुशार होतो तो लशीमुळेच. त्याला डिवचले नाही तर तो शिकणार नाही. मी डॉ. मूडलींचे उत्तर त्याला जसेच्या तसे सांगितले: शिकायला मुक्काम लागतो. लस घेतलेल्या माणसाकडे विषाणू आला तरी चार दिवसांत बाहेर पडतो आणि बहुधा येतच नाही. चार दिवसांत कोण पदवी घेते? उलट जेथे पहारा अर्धवट आहे आणि मुक्काम सात महिन्यांचा आहे, तेथे त्याची शाळा भरते. खिडकी आधीच बंद असेल तर माकडाला घर ठाऊकच होत नाही.

बोंगुमुसा म्हणाला, "मग मासेलेंनाच लस का नाही देत, साहेब?"

तेही मी विचारले होते. आधी गोळ्यांनी पहारेकरी जागे करायचे, पाहुणा बाहेर काढायचा, मग लस. पेंगणाऱ्या वर्गापुढे धडा घेऊन उपयोग नसतो.

तो म्हणाला, "तुम्हाला मासेलेंचं बरंच पाठ आहे."

गुरुवार, २ सप्टेंबर

मासेले दर आठवड्याला विचारतात, "या वेळी काय शिकला?" जणू घरातल्या द्वाड पोराची शाळेतली प्रगती विचारावी. आज बदलांची संख्या अठ्ठावीस असल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, "आमच्या घराण्यात एवढा शिकलेला कोणी नव्हता."

पण नंतर गंभीर झाल्या. धाकटी बहीण झानेले हिचा उम्बेसो, म्हणजे लग्नातला आहेराचा विधी, पंचवीस तारखेस आहे. वराकडची मंडळी गात-नाचत येतील, वधूच्या घरच्यांच्या खांद्यांवर कांबळी पांघरतील. आई वारल्यावर झानेलेला मासेलेंनीच वाढवले. आईच्या मानाचे कांबळे त्यांच्याच खांद्यावर पडायला हवे. कार्य याच अंगणात व्हायचे होते, पण आता चार गल्ल्या पलीकडे थोरले बंधू अमोस सेले यांच्याकडे ठरले आहे. ऐंशी माणसे येणार, त्यांत दोन वृद्ध मावश्या. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मला निगेटिव्ह कागद हवा. बाकी काही नको."

माझ्या हाती असते तर मी तेथेच लिहून दिला असता, असा विचार मनात आला. तो नियमबाह्य आहे. नोंद केवळ प्रामाणिकपणासाठी.

त्यांनी आज मला प्रथमच मासिंग्वाने म्हटले. हे आमच्या मचुनू कुळाचे आदराचे नाव असून कोणीही कोणाही मचुनूला तसे म्हणू शकतो. यात विशेष काही नाही. परतीचा प्रवास सव्वीस मिनिटांत झाला. वेगमर्यादा कोठे ओलांडली हे तपासावे लागेल.

रविवार, ५ सप्टेंबर

थोरल्या भावाला ग्रेटाउनला फोन केला. आपल्या कुळात आणि सेले कुळात पूर्वी कधी रक्ताचे नाते होते का, सोयरिकीस काही अडचण आहे का, असे विचारले. केवळ माहिती म्हणून. तो म्हणाला, काही अडचण नाही. नंतर बराच वेळ तो हसत होता. त्याची प्रकृती उत्तम दिसते.

गुरुवार, ९ सप्टेंबर

बदल: एकतीस. फोन, या आठवड्याची सरासरी: एकोणीस मिनिटे. गोळी घेण्यास लागणारा वेळ यात धरलेला आहे.

गुरुवार, १६ सप्टेंबर

आजचा प्रसंग सविस्तर लिहितो, कारण इतके हसल्याचे मला आठवत नाही.

आमची पद्धत अशी की, ओसरीच्या मध्यावर एक स्टूल असते. मासेले फाटकाच्या बाजूला बसतात, मी घराच्या भिंतीच्या बाजूला. दोघे स्वॅब घेतो, नळ्या स्टुलावर उभ्या करतो. माझ्याकडून पाहता त्यांची नळी डावीकडे, माझी उजवीकडे. मग मी डावीला त्यांचे लेबल लावतो, उजवीला माझे. आज त्यांनी दुसऱ्या एका बाकावर बशीत चार अमाग्विन्या ठेवले होते, माझ्यासाठी तळलेले मैद्याचे गोळे, अजून गरम.

नळ्या स्टुलावर ठेवल्या न ठेवल्या तोच एक मोठे माकड कठड्यावरून उतरले. त्याने एक अमाग्विन्या उजव्या हातात घेतला, एक डाव्या हातात, विचार केला, आणि तिसऱ्यासाठी तोंड उघडले. मासेलेंनी चप्पल फेकली. ती मला लागली. मी फाइल उगारून स्टुलाला वळसा घालून धावलो, मासेले दुसऱ्या बाजूने धावल्या, आणि माकड जागचे हललेच नाही. ते आम्हा दोघांकडे टेनिसचा सामना पाहावा तसे पाहत होते. शेवटी तीन अमाग्विन्या घेऊन सावकाश गेले. मासेले भिंतीला टेकून, पोट धरून हसत होत्या. मीही फाटकाच्या बाजूला, त्यांच्याच खुर्चीत बसलो होतो आणि मला बोलता येत नव्हते. हे सुमारे तीन मिनिटे चालले.

मग तेथूनच हात पुढे करून, नेहमीच्या शिस्तीने, डावीकडील नळीला त्यांचे लेबल लावले व उजवीकडील नळीला माझे. शीतपेटी: चार अंश. चौथा अमाग्विन्या आम्ही अर्धा अर्धा केला. दोन मीटरचे अंतर राखूनच. त्यांनी माझा अर्धा भाग बशीसह सरकवला.

शुक्रवार, १७ सप्टेंबर



रुग्ण क्रमांक सत्तावीस: निगेटिव्ह. कर्मचारी क्रमांक चार, म्हणजे मी: पॉझिटिव्ह.

मी ओळी उभ्याने वाचू लागलो. त्यांपैकी पहिलीच वाचून खुर्चीवर बसलो. दुसरी मला डॉ. मूडलींनी दाखवून दिली आणि लगेच घरी जाऊन दहा दिवस अलग राहण्यास सांगितले. मी गाडीत गात होतो. काय गात होतो ते आठवत नाही.

फोन: एक्कावन्न मिनिटे. डॉ. मूडलींनी त्यांना बजावले आहे की, सलग दोन निकाल निगेटिव्ह आल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाही. दुसरा स्वॅब पुढच्या गुरुवारी. त्यांनी कबूल केले. पण मागून अमोस सेले यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला: एक कागद म्हणजे कागद.

बुधवार, २२ सप्टेंबर

माझ्या नमुन्यातील विषाणूचे वाचन आले. मासेलेंच्या विषाणूतील एकतीसच्या एकतीस बदल त्यात आहेत. डॉ. मूडलींचा आवाज फोनवर प्रथमच चढलेला ऐकला. आठ महिने शिकलेला विषाणू बाहेर पडला, आणि तोही दोन्ही मात्रा घेतलेल्या माणसात शिरला, याचा अर्थ फार गंभीर आहे. सोमवारी त्या देशभरातील सहकाऱ्यांसमोर हे मांडणार आहेत. त्यांनी विचारले, "लेबलांची अदलाबदल तर नाही ना, मिस्टर मचुनू?" मी लेखी उत्तर पाठवले: एकोणीस वर्षांत एकही नाही.

मला ताप नाही, खोकला नाही. शनिवारी आणि काल घरी केलेल्या माझ्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या. लशीने पाहुण्याला दारातूनच परत पाठवले असा मी निष्कर्ष काढला आणि तो बोंगुमुसाला कळवला. त्याने उत्तर पाठवले: "पण आला ना, साहेब? लस घेऊनही आला. मी काय म्हणत होतो?"

एकतीस बदलांची यादी मी मागवून घेतली आहे. ती तीन वेळा वाचली. चौथ्यांदा वाचण्याचे काही कारण नव्हते. जानेवारीत त्या एकट्या होत्या तेव्हाचा पहिला बदल, पावसाळी मार्चमधले चार, भांडी पालथीच राहिली त्या एप्रिलमधले दोन. ते सर्व आता माझ्यात आहे. वास्तविक मला भीती वाटायला हवी. दुपारी मी खिडक्या पुसल्या, शिट्टी वाजवत.

गुरुवार, २३ सप्टेंबर, दुपारी

आजचा स्वॅब बोंगुमुसाने आणला. उद्या सुट्टी असल्याने निकाल सोमवारी येईल. उम्बेसो शनिवारी. सेले कुटुंबाने ठरवले आहे की, मासेले जातील.

डॉ. मूडलींना सोमवारच्या सभेसाठी गेल्या गुरुवारचा माझ्याकडून तपशीलवार अहवाल हवा आहे. संदर्भासाठी ही वही उघडली. "त्यांच्याच खुर्चीत बसलो होतो." "तेथूनच हात पुढे करून."

मी स्वयंपाकघरात स्टूल ठेवले. त्यावर दोन पेले ठेवले. भिंतीकडे उभा राहिलो. मग फाटकाकडच्या बाजूला गेलो. डावा पेला उजवा झाला.

पुन्हा केले. पुन्हा तेच.

पॉझिटिव्ह नळी मासेलेंची होती. मला काहीही झालेले नाही. कधीच झाले नव्हते.

त्याच दिवशी, सायंकाळी

प्रथम डॉ. मूडलींना कळवले. त्या म्हणाल्या की, राष्ट्रीय सभेत जाण्यापूर्वी सांगितलेत हे बरे झाले, आणि मग म्हणाल्या, "एकोणीस वर्षांनी, मिस्टर मचुनू. काय झालं होतं?" मी म्हणालो, माकड आले होते.  मग त्यांनी एवढेच विचारले की, मासेलेंना तुम्ही सांगता की मी सांगू? मी म्हणालो, चूक माझी आहे.

सात वाजता फोन केला. मासेलेंनी गोळी घेतली होती. ब्लाऊज इस्त्री केला होता, केसांना रंग लावला होता, शनिवारी म्हणायचे गाणे त्या मला ऐकवणार होत्या. मी गाण्याआधीच सांगितले. नळ्या, स्टूल, खुर्ची, सर्व काही क्रमाने. विषाणू अजून तुमच्यातच आहे. तुम्ही निगेटिव्ह नाही. शनिवारी मावश्यांच्या जवळ जाऊ नका.

 नंतर त्या म्हणाल्या, "म्हणजे नऊ मिनिटांपूर्वीपर्यंत मी बरी होते."

फोन ठेवला. अकरा मिनिटे. गाणे राहिले.

शुक्रवार, २४ सप्टेंबर

सात वाजता फोन केला. झानेलेने उचलला. गोळी घेतली आहे, असे सांगून ठेवला.

खिडक्या स्वच्छ आहेत.

शनिवार, २५ सप्टेंबर

माझे अलगीकरण डॉ. मूडलींनी काल रात्री रीतसर रद्द केले. उम्बेसोच्या वेळी रुग्णाने अंतराचे पालन केले की नाही हे पाहणे प्रयोगशाळेच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यामुळे मी उमलाझीला गेलो. गाडीत संरक्षक पोशाखाचा एक संच ठेवला. टाय घातला.

घडले ते असे. अमोस सेले यांच्याकडे कार्य झाले आणि मग सारी वरात, साठ-सत्तर माणसे, गात गात चार गल्ल्या उतरून मासेलेंच्या फाटकाबाहेर आली. झानेलेचीच युक्ती. मासेले ओसरीवर उभ्या होत्या, इस्त्रीचा ब्लाऊज घालून, मुखपट्टी लावून. रस्त्यावर बायका नाचत होत्या, ओसरीवर त्या एकट्या, कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकच गाणे. त्या मला ऐकवणार होत्या तेच ते असावे. कपडे वाळत घालायच्या तारेवरून माकडेही पाहत होती.

मग कांबळे निघाले. तपकिरी, जाड, किनारीला पिवळा पट्टा. ते खांद्यावर पांघरल्याशिवाय दिले असे होत नाही. वराच्या आत्या फाटकापाशी आल्या आणि थबकल्या; एकमेकींना पुढे ढकलू लागल्या. मासेले खाली पाहत होत्या.

संरक्षक पोशाख, हातमोजे, चष्मा, दुहेरी मुखपट्टी हे सर्व चढवायला मला प्रशिक्षणानुसार सहा मिनिटे लागतात. आज तीन लागली. आत्यांकडून कांबळे घेऊन मी फाटकातून आत गेलो, ओसरी चढलो आणि ते मासेलेंच्या खांद्यांवर घातले. दोन्ही टोके समान लांबीची केली. एक टोक चार बोटे अधिक खाली आले होते, तेही ओढून घेतले.

रस्त्यावर असा कल्लोळ उठला की तारेवरची माकडे पळाली. बायका जिभा हलवून आनंदाचा गजर करत होत्या, कोणी भांड्याचे झाकण वाजवत होते. मला कारण कळले नाही. मी पोशाखामुळे विचित्र दिसत असणार.

मासेले कांबळ्याच्या आतून म्हणाल्या, "मासिंग्वाने, वराकडच्या माणसासारखं कांबळं घालून सगळ्या उमलाझीसमोर तुम्ही काय केलंत, कळतंय का?"

मी म्हणालो, दोन्ही टोके समान केली.

त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटले त्या रडत आहेत. नव्हत्या. मग त्यांनी विचारले, ते नळ्यांचं, लेबलांचं सगळं जाऊ दे. तो आठवडा, जेव्हा माझा विषाणू तुमच्यात आहे असं वाटत होतं, तेव्हा तुम्ही काय केलंत?

मी खरे सांगितले. खिडक्या पुसल्या. शिट्टी वाजवली.

अमोस सेले कुंपणापलीकडून माझ्याकडे रोखून पाहत होते. त्यांना बहुधा चष्म्यामुळे माझी ओळख पटली नसावी.

फोन: दोन तास चार मिनिटे. गोळी घेतली.

सोमवार, २७ सप्टेंबर

गुरुवारचा निकाल: रुग्ण क्रमांक सत्तावीस पॉझिटिव्ह, मात्र विषाणूचे प्रमाण खूप घटलेले. नवा बदल एकही नाही. पहारेकरी जागे होत आहेत.

डॉ. मूडलींनी सभेत सांगितले की, आमच्याकडून काही नवे निष्पन्न झालेले नाही. असे सांगताना त्या इतक्या आनंदात का होत्या, असे सहकाऱ्यांनी विचारल्याचे कळले. बोंगुमुसाला मी समक्ष सांगितले की, मला तो विषाणू झालाच नव्हता. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला काहीतरी झालंय एवढं नक्की."

गुरुवार, १४ ऑक्टोबर

गेल्या गुरुवारचा निकालही निगेटिव्ह; सलग दुसरा. त्या नळीवरचे लेबल मी लावले, मासेलेंनी तपासले, बोंगुमुसाने छायाचित्र काढले, आणि मी व मासेले ठरल्याप्रमाणे जागचे हललो नाही.

एकतीस धडे शिकलेला तो विषाणू आता कोठेही नाही. तो त्या एका घरातच शिकला आणि तेथेच संपला. मासेले म्हणाल्या, इतके महिने कोणी तरी होतं म्हणायचं. मग उठून त्यांनी अंगणातली भांडी सुलटी केली.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

काल गुरुवार होता आणि उमलाझीला जाण्याचे काही कारण नव्हते. दहा वाजता मी तेथे पोचलो.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

बोंगुमुसाने लस घेतली. कारण विचारले असता म्हणाला, मला खिडकी बंद केलेलीच बरी. तुमच्यासारखं कोणाच्या ओसरीवर जाऊन शिकायला माझ्याकडे वेळ नाही.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

मासेलेंना आज लस मिळाली. परिचारिकेने पंधरा मिनिटे बसण्यास सांगितले. आम्ही चाळीस बसलो. दंड दुखतो का, असे मी तीन वेळा विचारले. चौथ्यांदा त्यांनीच मला विचारले.

नंतर त्यांच्या ओसरीवर आलो. मी गाडीतून शीतपेटी आणली. त्या म्हणाल्या, आता काय? पुन्हा काडी? मी पेटी स्टुलावर ठेवून उघडली. आत पाकीट होते. काल थोरल्या भावाकडून आणवले होते. आणि कागदपत्रे मी नेहमी याच पेटीतून नेतो-आणतो, त्यामुळे.

त्यांनी लेबल मोठ्याने वाचले. "प्रेषक: मचुनू कुळ. प्रति: सेले कुळ. तापमान: चार अंश."

मी सांगितले, तीन वेळा तपासले आहे.

पाकीट गालाला लावून त्या किती तरी वेळ बसल्या. मला वाटले उन्हामुळे. मग म्हणाल्या, "मागणीचं पत्र बाईच्या हातात देतात का? हे अमोसकडे जायचं. पहाटे, फाटकाबाहेर उभं राहून, आमच्या कुळाची नावं घेऊन. आणि नवऱ्यामुलानं तर तिकडे फिरकायचंही नसतं."

मी उभा राहिलो आणि पुन्हा बसलो. लेबल अचूक होते. नेले चुकीच्या माणसाकडे. आमच्यात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते; मलाही पन्नास वर्षे ठाऊक आहे.

"ही तुझी दुसरी चूक, एल्फस," त्या म्हणाल्या. "लिहून ठेव."

पत्र परत मागितले असता त्यांनी दिले नाही. दुसरे लिहून आणायला सांगितले. तारेवरून माकड उतरले आणि शीतपेटीत डोकावून पाहू लागले. कोणीही त्याला हाकलले नाही.

नोंद केली. दुरुस्ती शनिवारी पहाटे सहा वाजता, अमोस सेले यांच्या फाटकाबाहेर. माझे थोरले बंधू आणि बोंगुमुसा जातील. मी तेथे असणार नाही. लेबल लावण्याचे काम बोंगुमुसाकडे दिले आहे.